घरची कॉफी कुल्फी दगड का होते आणि प्रेसची कॉफी कडू का लागते: जरा लांबलचक उत्तर

तुम्ही लिहिलंय की घरी मशीन नाही, साधा सिंगल डोअर फ्रिज आहे, तरी कॉफीची कुल्फी आणि आइस्क्रीम दोन्ही करून बघितलं. फिल्टरचं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरवलेली दाट कॉफी, घातलं तर बर्फाचा दगड, सुरीने फोडावा लागला. इन्स्टंट घातली तर जरा मऊ झालं पण कॉफीची चवच नाही, नुसतं गोड तपकिरी दूध. मग कॉफी कडक व्हावी म्हणून नवीन घेतलेल्या फ्रेंच प्रेसमध्ये (जाळीचा दांडा दाबून कॉफी गाळायचं भांडं) फिल्टरचीच पावडर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली, ती इतकी कडू झाली की प्यायलाही नको वाटली. शिवाय आईला गोड कमी हवं म्हणून साखर निम्मी केली. आणि शेवटी विचारलंय की कुठली कॉफी विकत घेऊ.

मी ठाण्यात छोटं कॅफे चालवते, त्याआधी काही वर्षं आइस्क्रीमच्या किचनमध्ये काम केलंय, त्यामुळे कॉफी आणि फ्रीजर दोन्हीशी रोजचा संबंध आहे. माझ्या मते तुमचे चार प्रॉब्लेम नाहीत, एकच आहे. तुम्ही कॉफी म्हणून जे दुधात ओतताय त्यात कॉफी कमी आणि पाणी जास्त आहे, आणि ते पाणी दगड होऊ नये म्हणून जी साखर लागते नेमकी तीच तुम्ही काढून टाकलीय. चव कमी पडली म्हणून मग पावडर जास्त वेळ भिजवली, त्याने कॉफी कडक नाही झाली, कडू झाली. कॉफी बदलून हे सुटणार नाही, म्हणून विकत काय घ्यायचं ते अगदी शेवटी बोलू.

आधीच सांगून ठेवते, मी खाली जे आकडे देणारे ते सुरुवात म्हणून घ्या. तुमचा फ्रीजर किती थंड होतो, दूध म्हशीचं की पिशवीचं, पावडर किती जुनी, तुम्हाला कॉफी किती कडक आवडते, ह्यावर थोडं इकडे तिकडे होणारच. जुन्या सिंगल डोअर फ्रिजचा वरचा कप्पा आणि नवीन फ्रॉस्ट फ्री फ्रिजचा फ्रीजर ह्यात फरक असतो. जुन्यात बऱ्याचदा तापमान उणे दहा-बाराच्या आसपास रेंगाळतं म्हणजे मिश्रण हळू गोठतं, आणि हळू गोठलं की बर्फाचे कण मोठे होतात. फ्रॉस्ट फ्री जास्त थंड होतो पण बर्फ साठू नये म्हणून मधून मधून स्वतःला जरा गरम करून घेतो, मग आइस्क्रीम वरवर विरघळून परत गोठतं, आणि आठवड्याभरात ते खरखरीत लागायला लागतं. दोन्हीतून वाट काढता येते.

आता थंडीचं. जिभेला थंड पदार्थातला गोडवा कमी कळतो, आणि कॉफीचा जो वास असतो, जो खरं म्हणजे चवीचा मोठा भाग आहे, तो थंडीत वर येतच नाही. विरघळलेलं आइस्क्रीम चाखून बघा, एकदम गोडमिट्ट लागतं, तेच गोठलेलं असताना बरोबर वाटत होतं. ह्यातून एक साधी परीक्षा निघते जी मी आजही प्रत्येक मिश्रणाला लावते: फ्रीजरमध्ये टाकण्याआधी साध्या तापमानाला चमचाभर चाखायचं, ते "जरा जास्तच गोड आणि जरा जास्तच कॉफी" वाटलं पाहिजे. तिथेच छान बॅलन्स्ड लागलं तर गोठल्यावर ते फिकं होणार हे नक्की समजा. तुमच्या इन्स्टंटवाल्या आइस्क्रीमचं हेच झालं असणार, गरम असताना चव घेऊन बरोबर वाटलं म्हणून तिथेच थांबलात.

साखर फक्त गोडव्याला नसते हे घरी बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. पाण्यात साखर विरघळली की ते शून्याला गोठत नाही, आणखी खाली जावं लागतं, आणि जसजसं पाणी बर्फ होत जातं तसतसा उरलेला पाक आणखी घट्ट होतो आणि तो गोठायला अजूनच थंडी लागते. म्हणून उणे अठरालासुद्धा आइस्क्रीममधलं सगळं पाणी गोठलेलं नसतं, बर्फाच्या बारीक कणांमध्ये न गोठलेला गोड पाक असतो आणि त्याच्यामुळेच चमचा आत जातो. आइस्क्रीमच्या मिश्रणात साखर साधारण १४ ते १६ टक्के ठेवतात ती ह्यासाठी. तुम्ही ती निम्म्यावर आणली आणि वर डिकॉक्शनचं शंभर-दीडशे मिली पाणी घातलंत, म्हणजे दोन्ही बाजूंनी बर्फालाच मदत केली.

आईसाठी शुगर फ्रीच्या गोळ्या किंवा स्टीव्हिया घातलं तर? गोड लागेल, पण ते घालायचं असतं चिमूटभर, आणि पाण्याचं गोठणं खाली आणायला विरघळलेल्या पदार्थाचं प्रमाण लागतं, चिमटीने काही होत नाही. दगडच होणार. त्यापेक्षा नेहमीच्या साखरेची पण लहान कुल्फी द्या, किंवा खाली बिनसाखरेच्या कॉफी क्यूब्सचं लिहिलंय ते बघा. डायबेटिस असेल तर मात्र किती आणि काय हे डॉक्टरांना विचारून, मी त्यात पडत नाही. गुळाचं पण लोक विचारतात. गुळाने मिश्रण मऊ राहतं, पण गरम दुधात घातला तर दूध फाटू शकतं, आणि गुळाची चव कॉफीला खाऊन टाकते, मला ते कॉम्बिनेशन आवडत नाही, कोणाला आवडत असेल तर थंड झालेल्या दुधात घालून बघा. चमचा-दोन चमचे रम घातली तरी मऊ राहतं कारण अल्कोहोलही तेच काम करतं, पण हात सैल सोडलात तर ते जमणारच नाही, नुसता लगदा राहील.

आता कॉफीकडे येते, कारण खरी गडबड इथेच आहे.

कडक कॉफी म्हणजे पाण्याच्या मानाने पावडर जास्त. कडू कॉफी म्हणजे पावडरीतून नको ते पण ओढून काढलेलं. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक घरांत पहिली हवी असते म्हणून दुसरी केली जाते. कॉफीच्या पावडरीतला साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण चांगला लागतो तो १८ ते २२ टक्क्यांपर्यंतचाच. सुरुवातीला आंबटपणा आणि फळासारखे वास निघतात, मग गोडवा आणि भाजलेपणाची चव, आणि शेवटी शेवटी कडवट, जीभ कोरडी करणारं काहीतरी निघायला लागतं. पावडर जितकी बारीक, पाणी जितकं गरम आणि वेळ जितका जास्त तितकं आपण त्या शेवटाकडे जातो. तुमच्या केसमध्ये तिन्ही एकदम झालं. फिल्टरसाठी दळलेली पावडर बारीक असते, ती पाणी हळूहळू झिरपण्यासाठी बनवलेली असते, प्रेसमध्ये ती सगळीच्या सगळी पाण्यात बुडून राहते आणि जाळीतून बारीक गाळ पण कपात येतो. त्यात दहा मिनिटं. प्रेसचा काही दोष नाही.

प्रेससाठी पावडर जाड रव्यासारखी हवी. प्यायची असेल तर ३० ग्रॅम पावडरीला ५०० मिली पाणी, तुमची प्रेस ३५० मिलीची असेल तर २० ग्रॅमच्या आसपास. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा-पाऊण मिनिट थांबा, ९२ ते ९६ डिग्रीच्या दरम्यान येतं, थर्मामीटर लागत नाही. आधी पावडर भिजेल इतकंच पाणी, म्हणजे पावडरीच्या दुप्पट-तिप्पट, अर्धा मिनिट थांबा, ताजी असेल तर फुगून वर येईल, तो भाजताना आत अडकलेला कार्बन डायऑक्साईड असतो. मग उरलेलं पाणी, चार मिनिटं, वरचा थर चमच्याने ढवळून फेस काढून टाका, दांडा हळू खाली, आणि लगेच सगळी कॉफी दुसऱ्या भांड्यात ओता. हे शेवटचं बरेच जण करत नाहीत, दांडा दाबला म्हणजे झालं असं वाटतं, पण पावडर तिथेच खाली कॉफीत बसलेली असते आणि चव उतरत राहते, दुसरा कप पहिल्यापेक्षा कडू लागतो तो म्हणूनच.

आइस्क्रीमसाठी प्रेस वापरायची असेल तर वेळ वाढवू नका, पावडर वाढवा. ५० ग्रॅमला ३०० मिली पाणी, तीच चार-पाच मिनिटं. पावडर आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिऊन बसते त्यामुळे हातात दोनशेच मिली येईल, आणि त्यातही पाणी आहेच, म्हणून मी ते फक्त ग्रनिटाला (खरवडलेल्या बर्फाचा पदार्थ, पुढे लिहिलाय) वापरते, दुधाच्या पदार्थांना नाही.

दुधाच्या पदार्थांना तीन रस्ते आहेत. पहिला, तुमच्याकडे आधीच असलेला स्टीलचा किंवा पितळी साउथ इंडियन फिल्टर. वरच्या डब्यात २५ ग्रॅम पावडर, हलकी दाबलेली, वर चकती ठेवून ९० ते १०० मिली गरम पाणी, आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. जे पन्नास-एक मिली दाट डिकॉक्शन उतरेल तेवढंच घ्या. दुसऱ्यांदा पाणी घालून जे उतरतं ते चहाच्या वेळी दुधात ढकलायला ठीक आहे, कुल्फीत ते म्हणजे निव्वळ कडवट पाणी. तुम्ही किती मिली घातलंत ते लिहिलं नाहीये, पण सुरीने फोडायला लागला म्हणजे ते दुसरं पाणीही त्यात गेलं असणार असा माझा अंदाज.

चिकोरीबद्दल कोणीतरी नाक मुरडेलच. चिकोरी ही एका झाडाची भाजलेली मुळी, त्यात कॅफिन नसतं, रंग आणि दाटपणा भरपूर देते. आपल्याकडच्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के लागते, म्हणजे चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते, पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं ते बघा. ८०-२० वालं मिश्रण कुल्फीत मला आवडतं, थंडीतही चिकोरीची ती जळक्या साखरेसारखी चव टिकते, शुद्ध अरेबिका (कॉफीची एक जात) तिथे हरवते. ६०-४० घेतलंत तर मात्र काढा गोठवल्यासारखं वाटेल.

दुसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो, ह्यात पाणी अजिबात नाही. जाड दळलेली कॉफी थेट थंड दुधात भिजवायची. ६०० मिली फुल क्रीम दूध उकळून पूर्ण गार करा, त्यात ४० ते ४५ ग्रॅम जाड पावडर घाला, झाकून फ्रिजमध्ये रात्रभर, दहा-बारा तास. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळा, पिळू नका, पिळलं की बारीक चुरा आणि कडवटपणा दोन्ही उतरतं. पाचशे मिलीच्या आसपास दूध हातात येईल, रंग फिका असतो म्हणून लोकांना वाटतं झालंच नाही, पण चाखा. थंडपणात कडू भाग फार उतरत नाही आणि दुधातल्या फॅटमध्ये कॉफीचा वास चांगला धरला जातो. हे नंतर परत उकळू मात्र नका, साखर विरघळण्यापुरतं कोमट केलं तर चालेल.

तिसरा, इन्स्टंट. ती कमी दर्जाची म्हणून हिणवायचं कारण नाही, तिचा एक मोठा गुण असा की ती स्वतः कॉफीच आहे, पाणी काढून टाकलेली, म्हणजे मिश्रणात पाणी न वाढवता कॉफी वाढवता येते. अर्धा लिटर मिश्रणाला दोन सपाट टेबलस्पून, चमचाभर गरम पाण्यात विरघळवून, आणि चिमूटभर मीठ. मिठाने कडवटपणा दबतो, खारट लागेल इतकं नको. आपल्या घरोघरी साखर आणि इन्स्टंट वाटीत घोटून जी फेटलेली कॉफी करतात, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जी डालगोना नावाने सगळ्या जगाने केली, तिचा फेस टिकतो कारण इन्स्टंटमध्ये कॉफीचं तेल जवळजवळ नसतं, ताज्या कॉफीचा तसा फेस होत नाही. हीच घोटलेली कॉफी अर्धवट जमलेल्या आइस्क्रीममध्ये फोल्ड केली तर हवा पण जाते आणि चव पण.

तर मिश्रणं. कुल्फी सगळ्यात सोपी कारण तिच्यात हवा भरायचीच नसते, दाटपणा हाच तिचा स्वभाव. एक लिटर फुल क्रीम दूध, म्हणजे ६ टक्के फॅटवालं, जाड बुडाच्या भांड्यात आटवत निम्म्यावर आणा. आटवणं म्हणजे दुसरं काय, पाणी हाकलणंच. शेवटी ८० ते ९० ग्रॅम साखर, चिमूट मीठ, दोन टेबलस्पून मिल्क पावडर थोड्या गार दुधात कालवून. गॅस बंद, आणि कोमट झाल्यावर कॉफी, डिकॉक्शन किंवा इन्स्टंट. कॉफी आटवताना घालू नका, अर्धा तास उकळलेली कॉफी कशी लागते ते लग्नाच्या पंगतीतल्या थर्मासातली प्यायलीत तर कळेल. मिल्क पावडर जास्तही नको, आणि आटवण्याचा अतिरेकही नको, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज नीट विरघळत नाही आणि कुल्फी जिभेवर वाळूसारखी लागते. वेलची आवडत असेल तर अगदी थोडी, केशर पिस्ता ह्यात नको असं माझं मत. साचे लहान आणि पातळ घ्या, स्टीलचे किंवा अॅल्युमिनियमचे, आधी तासभर रिकामे फ्रीजरमध्ये ठेवलेले. मोठा डबा भरून ठेवलात तर मधला भाग जमायला रात्र जाते आणि तिथेच बर्फ होतो.

आइस्क्रीमला मशीन नसेल तर जीएमएस-सीएमसी (ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट आणि कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) ह्या दोन पावडरींचा जुना मार्ग अजूनही चांगला. ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्या कितीतरी घरांत उन्हाळ्यात ह्या दोन पुड्या असायच्याच, आजही बेकिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतात. जीएमएस फॅट आणि पाणी एकत्र धरून ठेवते आणि फेटताना हवा पकडायला मदत करते, सीएमसी पाण्याला बांधून ठेवते म्हणजे मोठे कण होत नाहीत. अर्धा लिटर कॉफीत भिजवून गाळलेलं दूध, त्यातलं वाटीभर बाजूला काढून त्यात एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, एक टेबलस्पून जीएमएस आणि चिमूटभर सीएमसी, ही सीएमसी साखरेत मिसळूनच घाला नाहीतर गुठळ्या होतात. ह्यात मात्र शिजवणं टळत नाही, म्हणून मी बाजूला काढलेल्या दुधाऐवजी तेवढंच साधं दूध घेऊन त्यात हे सगळं आणि १०० ग्रॅम साखर घालून दाट होईपर्यंत शिजवते आणि गार झाल्यावर कॉफीच्या दुधात मिसळते, म्हणजे कॉफी शिजत नाही. पसरट डब्यात चार-पाच तास अर्धवट जमू द्या, मग बाहेर काढून बीटरने आठ-दहा मिनिटं, दुप्पट व्हायला हवं, त्यात शंभर-दीडशे मिली क्रीम घालून परत मिनिटभर आणि परत फ्रीजरमध्ये.

क्रीमबद्दल एक. मिल्कमेड आणि फेटलेलं क्रीम, झालं आइस्क्रीम, ही जी परदेशी रेसिपी सगळीकडे दिसते ती आपल्याकडे फसते कारण टेट्रापॅकमधलं नेहमीचं फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं असतं आणि ते नीट फेटलं जात नाही, ३० टक्क्यांच्या वरचं व्हिपिंग क्रीम लागतं, आणि तेही भांड्यासकट गार केलेलं. केकच्या दुकानात मिळणारं नॉन डेअरी क्रीम मस्त फुगतं पण ते वनस्पती तेलाचं असतं, बहुतेक वेळा आधीच गोड, आणि टाळूला तेलकट चिकटतं, कॉफीबरोबर तर जास्तच जाणवतं.

घरात कोणाकडे जुना लाकडी आइस्क्रीम पॉट पडला असेल तर मात्र ह्या सगळ्याची गरजच नाही. बर्फाचे तीन भाग, जाड मिठाचा एक भाग. मीठ बर्फ वितळवतं, वितळताना बर्फ आजूबाजूची उष्णता ओढतो, आणि तापमान उणे दहा-पंधरापर्यंत सहज उतरतं, वर सतत हँडल फिरत असल्यामुळे मोठे कण व्हायला सवडच मिळत नाही. पॉटमधल्या आइस्क्रीमचं नाव लोक अजून काढतात ते उगीच नाही. मिठाचं पाणी आतल्या डब्यात जाणार नाही एवढं बघा.

तुमच्या फ्रिजला खरं तर सगळ्यात सूट होईल तो ग्रनिटा. हा सिसिलीचा पदार्थ, तिकडे मेसिनाच्या बाजूला लोक सकाळी नाश्त्याला कॉफीचा ग्रनिटा, वर फेटलेलं क्रीम आणि बरोबर मऊ गोडसर ब्रिओश पाव असं खातात. आपल्याकडे बेकरीतला ताजा बनपाव घेतला तरी फार काही बिघडत नाही, हसू नका, करून बघा. ४०० मिली कडक गाळलेली कॉफी, त्यात गरम असतानाच ६० ते ७० ग्रॅम साखर, गार करून पसरट स्टीलच्या ताटात फ्रीजरमध्ये. पाऊण तासाने कडेला बर्फ दिसला की काट्याने खरवडून मध्ये ओढा, मग दर अर्ध्या तासाने तेच, तीन-चार तासांत सगळा भुगा होतो. इथे बर्फाचे कण हवेच असतात, त्यामुळे तुमचा फ्रीजर मंद असला तरी अडत नाही. फक्त ह्यात दूध नाही, फॅट नाही, काही लपवायला जागा नाही, कॉफी कडू असेल तर ग्रनिटा कडूच होणार. म्हणून आधी प्रेसची कॉफी प्यायला चांगली लागायला हवी, मग ग्रनिटा.

क्यूब्सचं म्हणाले होते ना. उरलेली कडक कॉफी बिनसाखरेची बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. गार दुधात टाकली की कोल्ड कॉफी पातळ होत नाही, उलट वेळ जाईल तशी जास्त कॉफी लागत जाते. मिक्सरमध्ये चार-पाच क्यूब, दूध, चमचाभर मिल्क पावडर असं फिरवलं तर दाट होतं, आईसाठी गोड हवं तितकंच घालता येतं कारण इथे लगेच प्यायचं असतं, गोठवायचं नसतं. आणि फारच कंटाळा आला तर विकतच्या व्हॅनिला आइस्क्रीमवर तुमचं ते पन्नास मिली गरम डिकॉक्शन ओता, इटालियन लोक एस्प्रेसोने करतात तेच. फक्त डब्यावर आइस्क्रीम लिहिलंय की फ्रोझन डेझर्ट ते बघा, दुसऱ्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं आणि गरम कॉफीत ते लगेच कळतं. लहान मुलांना देताना एवढं लक्षात असू द्या की गोठवल्याने कॅफिन कुठे जात नाही.

आता रोजच्या कॉफीसाठी थोडं. खर्च करायचाच असेल तर आधी पाचशे रुपयांच्या आतला किचनचा वजनकाटा, मग हाताने फिरवायचा बर ग्राइंडर (पात्याने न कापता दोन दातेरी भागांमध्ये बिया दळणारा), मशीन वगैरे सगळ्यात शेवटी. काटा नसेल तर "तीन चमचे" म्हणजे कधी १५ ग्रॅम कधी २५. ग्राइंडर घेईपर्यंत मिक्सरमध्ये पल्सवर दोन-दोन सेकंद फिरवा, मध्ये भांडं हलवा, आणि शेवटी मैद्याच्या चाळणीने चाळून खालचा बारीक चुरा फिल्टरसाठी आणि वरचा जाड प्रेससाठी ठेवा, काही वाया जात नाही.

पाण्याकडे कोणी बघत नाही. बोअरवेलचं जड पाणी असेल तर कॉफी बोथट, खडूसारखी लागते, आणि आरओने टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) वीस-तीसवर आणलेलं पाणी असेल तर कॉफी पोकळ आणि टोचरी लागते. शंभर-दीडशेच्या आसपास टीडीएस चांगला. बऱ्याच आरओवर अॅडजस्ट करायचा स्क्रू असतो, नाहीतर नळाचं उकळलेलं थोडं पाणी त्यात मिसळा. मुंबई-ठाण्यात तलावाचं पाणी मुळातच मऊ असतं, मी साधं फिल्टर केलेलं वापरते.

चव बिघडली तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आंबट आणि पातळ लागली तर पावडर थोडी बारीक करा किंवा मिनिटभर वाढवा. कडू आणि जीभ कोरडी करणारी लागली तर जाड करा किंवा वेळ कमी. चव चांगली पण फिकी असेल तर फक्त पावडर वाढवा, बाकी कशाला हात लावू नका.

कुठली घेऊ, ह्याचं उत्तर. पाकिटावर भाजल्याची तारीख असलेली, दोन आठवडे ते महिनाभराच्या आतली, पाव किलोच्या वर नाही. दुधाच्या आणि गोठवायच्या पदार्थांना मीडियम डार्क, थोडी रोबस्टा (कॉफीची दुसरी जात) मिसळलेली असली तरी चांगलं, दूध-साखरेत तीच टिकते, फक्त कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं तेवढं धरून चाला. मॉन्सून्ड मलबार पण छान, पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या दमट वाऱ्यात बिया फुगवून केलेली, आंबटपणा अगदी कमी. ग्रनिटासाठी आणि काळी प्यायची तर चिकमगळूर किंवा कूर्गची मीडियम अरेबिका. चिखलदऱ्याची आपली कॉफी कधी हाताला लागली तर जरूर घ्या, पण उत्पादन थोडं आहे, रोजच्यासाठी त्यावर अवलंबून राहू नका. शक्यतो अख्ख्या बिया घ्या, दळूनच हवी असेल तर दुकानदाराला "फ्रेंच प्रेससाठी जाड" असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो सवयीने फिल्टरचीच दळून देईल. हवाबंद डब्यात ओट्याच्या बाजूला ठेवा, फ्रिजच्या दारात नाही, तिथे दमट होते आणि कांदा-लसणाचा वास पकडते. आत्ता घरात जी फिल्टरची पावडर आहे ती टाकून देऊ नका, फिल्टरमध्ये ती बरोबरच आहे, पहिली कुल्फी तिचीच करा.